स्मृतिस्तंभावर नसलेली नावे

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या पूर्वसंध्येस जालना येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



उद्या सकाळी आपण सर्वजण टाऊन हॉलच्या आवारात हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर यांच्या स्मृतिस्तंभापाशी जमणार आहोत. दरवर्षी १७ सप्टेंबरला जमतो, तसेच. पुष्पचक्र अर्पण होईल, पोलीस दलाचे जवान हवेत बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतील, राष्ट्रध्वज फडकेल, मंत्रिमहोदयांचा संदेश होईल आणि अर्ध्या-पाऊण तासात आवार पुन्हा रिकामे होईल. या समारंभाची टवाळी करण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. ज्या समाजाला आपल्या मृतांसमोर वर्षातून एकदा तरी मान झुकवावीशी वाटते, तो समाज अजून जिवंत आहे, असेच मी मानतो. परंतु मान झुकवणाऱ्याने आपण कोणासमोर झुकतो आहोत, हे जाणून घेतले पाहिजे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी याच समारंभानंतर गणवेशातल्या एका मुलाने मला विचारले, "काका, हे मामा कोणाचे मामा?" प्रश्न निरागस होता. शहरात मामा चौक आहे, रिक्षावाला तो जाणतो, भाजीवाली जाणते. पण त्या नावामागचा माणूस मुलाला कोणी सांगितला नव्हता. मी त्याला सांगितले की हे आपल्या सगळ्यांचे मामा, निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना त्यांनी प्राण दिले. मुलाचे तेवढ्याने समाधान झाले आणि तो आपल्या रांगेत परत गेला. माझे मात्र झाले नाही. ज्या पिढीच्या तोंडून आम्ही हा लढा ऐकला, तिच्यातले आता जवळजवळ कोणी उरलेले नाही. तिने आम्हाला तासन् तास सांगितले आणि आम्ही पुढच्या पिढीला देताना त्याची दोन वाक्ये केली. पुढची पिढी कदाचित एकच करील. नंतर उरेल तो दगड.

दगड उरणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. आपल्याच जिल्ह्यात, याच सप्टेंबर महिन्यात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक मोठी लढाई झाली. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातील असई या गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांची आणि आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले, आणि तरीही आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम लढाई म्हणून तो असईचेच नाव घेत असे. शिंद्यांच्या तोफखान्यातील गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेपाशीच संगिनींनी भोसकले गेले, ही गोष्ट त्यांच्या शत्रूनेच लिहून ठेवली आहे.

या लढाईत इंग्रजांची चारशेहून अधिक माणसे ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाली. हा हिशेब आपल्याला माणसागणिक मिळतो, कारण त्यांनी तो ठेवला. ज्या पलटणी तेथे लढल्या त्यांच्या निशाणांवर असईचे नाव चढले, ७४ व्या हायलँडर पलटणीला तर या लढाईसाठी खास वेगळे निशाण मिळाले, आणि समुद्रापलीकडे पिढ्यान् पिढ्या तो दिवस साजरा झाला. आपल्या बाजूचे किती पडले? हजारो, असे म्हणतात. आणि तो आकडाही शत्रूच्या अंदाजावरून आलेला. त्या गोलंदाजांतील एकाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांच्या गावांना निरोप गेला की नाही, त्यांच्या बायकांनी कोणत्या दिवशी कुंकू पुसले, हे कोणी लिहिले नाही. इंग्रजांच्या बाजूने जे मेले, त्यांतही मद्रासेचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते; निशाणावर त्यांच्या पलटणीचा मान राहिला, त्यांची नावे राहिली नाहीत. लढाई सरदारांची असते आणि मरण शिपायाचे, हा जुना न्याय असईच्या मातीत पुरलेला आहे.

मला भीती वाटते ती ही, की मुक्तिसंग्रामाच्या बाबतीत आपण आपल्याच हुतात्म्यांना त्या गोलंदाजांच्या वाटेने धाडतो आहोत. आणि येथे दोष परकीयांवर टाकता येणार नाही.

ते कशासाठी मेले?

साथींनो, हैदराबादचा लढा काय होता हे थोडक्यात आठवू या. सोळा जिल्ह्यांचे, सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख लोकसंख्येचे ते संस्थान. त्यातील पाच जिल्हे मराठी. राज्याचा एक मोठा भाग जहागिरदारांच्या ताब्यात आणि शिवाय सर्फेखास म्हणजे खुद्द निजामाची खासगी मालमत्ता. जहागिरीतल्या कुळाला कोर्ट दूर आणि जहागिरदाराचा कारभारी जवळ. सभेला परवानगी लागे, संस्थेला परवानगी लागे. १९३८ साली स्टेट काँग्रेस जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी घातली गेली, आणि ती उठावयास १९४६ साल उजाडावे लागले.

या लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे आले, हा निव्वळ योगायोग नव्हता. भगवी वस्त्रे घालणारा हा माणूस ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम करून आलेला होता. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या राष्ट्रीय शाळांतून त्याने मुले घडवली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये 'हिंदी संघराज्यात सामील व्हा' अशी हाक निघाली. स्वामीजी तुरुंगात गेले आणि लढा खेड्यांनी उचलला. सरकारला शिंदीचे उत्पन्न मिळू नये म्हणून लोकांनी शिंदीची झाडे तोडली, करोडगिरीचे नाके जाळले, लेव्हीचे धान्य देण्याचे नाकारले. पाटील-पटवाऱ्यांनी दप्तरे टाकली, विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, वकिलांनी कोर्टे सोडली. वऱ्हाड, खानदेश, नगर, सोलापूर यांच्या सरहद्दींवर शिबिरे उभी राहिली. आपल्या भोकरदन-जाफराबादच्या माणसाला तर वऱ्हाडची हद्द म्हणजे एका रात्रीची वाट.

समोर होते कासीम रझवीचे रझाकार आणि त्यांच्या पाठीशी राज्यसत्ता. गावे लुटली गेली, माणसे मारली गेली, बायकांची विटंबना झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य चारी बाजूंनी आत आले. १४ तारखेस जालन्याजवळ निजामाच्या फौजेने कडवा प्रतिकार केला. दुसऱ्या दिवशी शहरात गुरख्यांची तुकडी बसली आणि बाकीचे सैन्य पुढे गेले. १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली.

मग सांगा, हे हुतात्मे कशासाठी मेले? एका राजाऐवजी दुसरा राजा यावा म्हणून नव्हे, आणि एका धर्माने दुसऱ्यावर मात करावी म्हणून तर मुळीच नव्हे. आपल्या गावाचा कारभार आपल्या मताने चालावा, कसतो त्या जमिनीवर आपला हक्क असावा, आपल्या भाषेत शिकता यावे, आणि दारावर थाप पडली तर अंगावर काटा येऊ नये, एवढ्या साध्या गोष्टींसाठी ते मेले. १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० साली कूळकायदा आला, तो या मरणाचा पहिला हप्ता होता. पुढचे हप्ते थकले आहेत, हे या जिल्ह्यातील शेतमजुराला आणि ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्या कुटुंबाला वेगळे सांगावे लागत नाही.

यादीत न बसणारी माणसे

आता नावांकडे येतो. हुतात्म्यांच्या याद्या आहेत. अनंत भालेरावांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ लिहून आपल्यावर मोठे ऋण करून ठेवले आहे. पण कोणतीही यादी करताना ती करणाऱ्याच्या नजरेला जे दिसते तेच त्यात येते. बंदूक घेतलेला दिसतो. बंदूक पोचवणारी दिसत नाही. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आज आपण अभिमानाने घेतो. घर-संसाराची चौकट मोडून त्या सशस्त्र लढ्यात उतरल्या, हत्यारे वाहिली, हातबॉम्ब हाताळले. त्यांचे नाव टिकले, कारण त्यांचे धाडस झाकता येणारच नव्हते. परंतु ज्या बायकांनी रात्री दोन वाजता चूल पेटवून रानात लपलेल्यांसाठी भाकरी थापल्या, शेणाच्या गोवऱ्यांखाली निरोपाची चिठ्ठी लपवून टोपली डोक्यावर घेतली, आणि त्यापायी मारहाण सोसली, त्यांची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? सनदेसाठी तुरुंगवासाचा पुरावा लागतो. चुलीला दाखला मिळत नाही.

तीच गोष्ट गावकुसाबाहेरच्या माणसांची. जागल्या, निरोप्या, वाटाड्या म्हणून ज्यांनी कार्यकर्त्यांना अंधारात सरहद्द ओलांडून दिली, ते पकडले गेले तेव्हा त्यांच्यासाठी वकील उभे राहिले नाहीत आणि मेले तेव्हा सभा झाल्या नाहीत. दुसऱ्या बाजूला शेजारच्या बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण इतके वाढले की त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पालकर यांचा आयोग नेमावा लागला. केवढी ही विटंबना! जे लढलेच नाहीत त्यांची नावे यादीत शिरली, आणि जे मेले त्यांची बाहेर राहिली. यादी नीट न ठेवणाऱ्या समाजाला ही शिक्षा मिळतेच.

साथींनो, आता मी जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही. पण आपल्या माणसांतही ते बोलता येत नसेल तर या बैठकीला अर्थ नाही.

हैदराबाद शहरात शोएबुल्लाखान नावाचा एक तरुण संपादक होता. 'इमरोज' हे त्याचे उर्दू दैनिक. मुसलमान असून, उर्दूत लिहून, तो रझाकारांच्या विरोधात आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने उभा राहिला. ऑगस्ट १९४८ मध्ये, मुक्तीला महिनाही उरला नसताना, रात्री घरी परतताना त्याला गाठून ठार करण्यात आले. ज्या हाताने तो लिहीत असे तो हात तोडण्यात आला. हा आपला हुतात्मा नव्हे काय? उद्याच्या भाषणांत त्याचे नाव किती वेळा येते ते मोजा. ज्यांना हा लढा हिंदू-मुसलमानांचा म्हणून सांगावयाचा आहे, त्यांना शोएबुल्लाखान अडचणीचा वाटतो. म्हणूनच आपण तो मोठ्याने सांगितला पाहिजे.

आणि याहून अवघड गोष्ट. १७ सप्टेंबरनंतर काय झाले? रझाकारांच्या अत्याचारांचा सूड ज्यांनी अत्याचार केले त्यांच्यावरच उगवला गेला असता तर तो सूड म्हणून तरी समजता आला असता. पण तो अनेक ठिकाणी विणकरांवर, कुळांवर, न्हावी-तांबोळ्यांवर, केवळ ते मुसलमान होते म्हणून उगवला गेला. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या शिष्टमंडळाला चौकशीसाठी धाडले. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते संस्थानभर फिरले. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, असे त्यांनी लिहिले. रझाकारांचे अत्याचार त्यांनी लपवले नाहीत. आणि अनेक हिंदूंनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, हेही त्यांनी नोंदवले. हा अहवाल अनेक दशके कुलुपात राहिला. २०१३ च्या सुमारास तो लोकांना पाहावयास मिळू लागला.

कोणी म्हणेल, मुक्तीच्या दिवशी हे कशाला उकरून काढता? माझे उत्तर सरळ आहे. जनार्दनमामांचे आणि शोएबुल्लाखानांचे बलिदान इतके दुबळे नाही की सत्य सांगितल्याने ते उणे होईल. उलट, ज्या राज्यात निरपराध माणूस केवळ जन्माने मारला जाणार नाही असे राज्य आणण्यासाठी ते लढले. ते मेल्यावर त्यांच्या नावाने जे घडले त्याचा भार त्यांच्या माथी मारण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि ते दडवून त्यांच्या नावाचा उपयोग नव्या द्वेषासाठी करू देण्याचाही नाही. आज या दिवसाच्या नावावरूनच ओढाताण चालली आहे. तेलंगणात कोणी त्याला मुक्ती म्हणतो, कोणी विलीनीकरण, कोणी एकात्मता. मृतांचा तपशील जेथे पुसट होतो, तेथे त्यांच्या नावाने कोणालाही काहीही बोलता येते.

दप्तर उघडा

मग करावयाचे काय? केवळ हळहळ व्यक्त करून घरी जाणे ही आपली परंपरा नाही.

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि परतूर परभणीत. म्हणजे आपल्या हुतात्म्यांचे कागद दोन जुन्या जिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरलेले आहेत, आणि त्यांतील बरेच उर्दूत व मोडीत. हे काम अशक्य आहे असे कोणी सांगू लागला तर त्याला अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीची आठवण द्या. २०२३ साली तेथील उपोषणानंतर मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने निजामकालीन दप्तरे उघडली गेली, उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधून आणली गेली, गठ्ठे सोडले गेले. त्या मागणीच्या बऱ्या-वाईटाविषयी आज मी बोलत नाही. एवढेच म्हणतो की जिवंतांच्या हक्कासाठी लोकांनी नेट लावला तेव्हा दप्तर उघडले. मृतांच्या नावांसाठीही ते उघडू शकते. नेट लावणारे हवेत.

म्हणून तीन कामे आपल्या शाखांनी अंगावर घ्यावीत, असे मी सुचवतो.

पहिले, प्रत्येक शाखेने आपल्या गावाची वही करावी. १९३८ ते १९४८ या काळात गावातून कोण तुरुंगात गेले, कोण मारले गेले, कोणाचे घर जळले, कोणी आसरा दिला, हे म्हाताऱ्या माणसांना आणि त्यांच्या मुला-सुनांना विचारून लिहावे. बायकांना वेगळे बसून विचारावे. पुरुषांसमोर त्या 'आम्हाला काय ठाऊक' एवढेच म्हणतात. वेशीबाहेरच्या वस्तीत जावे. मुसलमान मोहल्ल्यात जावे आणि तेथे जे सांगितले जाईल तेही त्याच वहीत, त्याच शाईने लिहावे. ऐकीव ते ऐकीव म्हणून आणि कागदावरचे ते कागदावरचे म्हणून स्वतंत्र नोंदवावे. खोटे एकही नाव नको. खोट्या नावाने खऱ्या नावावरचा विश्वास उडतो.

दुसरे, या वह्या जिल्ह्याच्या ठिकाणी आणून दप्तराशी पडताळून पाहण्याची मागणी आपण शासनाकडे करावी. उर्दू जाणणाऱ्या तरुणांना या कामात घ्यावे. निजामाच्या राजवटीचे कागद वाचण्यासाठी आपल्याला त्यांची गरज आहे, आणि हा लढा आपलाही आहे हे जाणण्यासाठी त्यांना या कामाची.

तिसरे, पुढच्या १७ सप्टेंबरला सरकारी समारंभ आटोपला की आपण तेथून हलू नये. तासभर बसावे आणि जमलेली नावे गाववार मोठ्याने वाचावीत. भाषण नको, हार नको. नाव, गाव, आणि त्या माणसाचे काय झाले, एवढेच वाचावे. शाळेतल्या मुलांकडूनच वाचून घ्यावे. जे नाव आपण स्वतःच्या तोंडाने घेतो ते आयुष्यभर लक्षात राहते.

आणि पुढे कधी तरी २३ सप्टेंबरला असईलाही जाऊ या. तेथे वाचण्यासाठी आपल्याकडे नावे नाहीत. त्या बेनाव गोलंदाजांसमोर काही वेळ उभे राहून परत येऊ. नावे न ठेवण्याने काय होते, हे त्या माळावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

साथींनो, उद्या सकाळी फैरी झडतील तेव्हा झाडांवरची पाखरे दचकून उडतील आणि थोड्या वेळाने परत येऊन बसतील. आपणही तसेच परतावे काय? त्या मुलाने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी अर्धवट दिले होते. पुरते उत्तर एका माणसाला देता येणारे नाही; ते गावागावांतून वहीच्या पानापानाने द्यावे लागेल. उद्या समारंभ झाल्यावर ज्यांना पहिली वही हाती घ्यावयाची असेल त्यांनी स्तंभापाशी थांबावे. मी तेथे असेन.